मुलगी म्हणते बायोइन्फॉर्मेटिक्स, मेहुणे म्हणतात एमसीए

ताई, नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातला शेतकरी. कापूस आणि तूर घेतो, गावात छोटं कृषी सेवा केंद्रही चालवतो. शिक्षण बारावी. मुलगी अमरावतीला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि रसायनशास्त्र हे विषय. आता म्हणते, बायोइन्फॉर्मेटिक्समध्ये एम.एस्सी. करायचं. हे नाव आमच्या घरात कोणी ऐकलेलं नाही. मला वाटतं तिने बी.एड. करावं. माझे मेहुणे म्हणतात, संगणकच शिकायचा तर सरळ एमसीए कर, हे अर्धं इकडचं अर्धं तिकडचं कशाला? त्यात एका खासगी संस्थेचे रोज फोन येतात: सहा महिन्यांचा ऑनलाइन कोर्स, फी ऐंशी हजार, हप्त्यांची सोय, नोकरीची हमी. पैसे भरावे का? यात पुढे काही आहे का? पोरीचं गणित दहावीनंतर सुटलं आहे. पुढे पीएच.डी.ही करावी लागेल म्हणते. तेवढं थांबणं आम्हाला जमेल का, तेही सांगा.
– एक वडील, यवतमाळ जिल्हा

भाऊ, नमस्कार.

आधी पैशाचं बोलते, कारण त्याची घाई आहे. ते ऐंशी हजार भरू नका. ‘आजच भरले तर सूट, उद्या जागा नाही’ असं जो फोनवर म्हणतो, त्याला शिकवण्यापेक्षा विकण्यात जास्त रस असतो. ‘हप्त्यांची सोय’ म्हणजे बहुतेक वेळा तुमच्या नावावर एखाद्या वित्त कंपनीचं कर्ज. वर्ग निकृष्ट निघाले, मुलीने मध्येच सोडलं, तरी हप्ता तुमच्या खात्यातून जातच राहतो. आधार-पॅन पाठवलं नसेल तर पाठवू नका, ओटीपी सांगू नका. नोकरीची हमी लेखी मागा, आणि नोकरी लागली नाही तर किती दिवसांत पैसे परत मिळतील तेही त्याच कागदावर लिहून मागा. बहुधा फोन येणंच बंद होईल. सहा महिन्यांचं प्रमाणपत्र पाहून या क्षेत्रात कोणी नोकरीवर घेत नाही. शिवाय अशा कोर्समध्ये जे शिकवतात त्यातलं बहुतेक फुकट उपलब्ध आहे. ते कुठे, हे खाली मुलीसाठी लिहिते.

आता हे शास्त्र काय आहे ते. तुमच्या तुरीच्या पानात, पानावरच्या अळीत, तुमच्या-माझ्या शरीरात, जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए असतो. तो चार रासायनिक घटकांच्या लांबच लांब साखळ्यांचा बनलेला आहे. त्या घटकांना आपण ए, टी, जी, सी अशी चार अक्षरं देतो. माणसाच्या डीएनएचा एक संच सुमारे ३०० कोटी अक्षरांचा, तुरीचा सुमारे ८३ कोटींचा. करोनाच्या विषाणूचा संच डीएनएचा नसून आरएनए या त्याच्याच जवळच्या रसायनाचा, आणि जेमतेम २९,९०३ अक्षरांचा. ही अक्षरं वाचणारी यंत्रं आता आहेत, पण आज सर्वांत जास्त वापरात असलेली यंत्रं एका दमात शे-दीडशे अक्षरंच वाचतात. म्हणजे हातात येतात कोट्यवधी तुकडे, तेही क्रम न लावलेले. ते जुळवायचे, त्यात जनुकं, म्हणजे प्रथिनं बनवण्याच्या सूचना असलेले तुकडे, कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात ते शोधायचं, दुसऱ्या जिवाच्या अक्षरांशी ताडून पाहायचं, आणि मग सांगायचं की या झाडाला रोग का लागतो नि त्या झाडाला का लागत नाही. हे डोळ्यांनी होण्यासारखं नाही. त्यासाठी लागणारे संगणकाचे प्रोग्रॅम, माहितीचे साठे आणि हिशेबाच्या पद्धती मिळून बायोइन्फॉर्मेटिक्स होतं. आपल्याकडे जैवमाहितीशास्त्रही म्हणतात, पण तुम्ही प्रवेशाच्या वेबसाइटवर शोधाल तेव्हा इंग्रजी नावच सापडेल.

तुमच्या दुकानातलंच घ्या. बीटी कपाशी आली तेव्हा बोंडअळी मरायची, आणि काही वर्षांनी गुलाबी बोंडअळी मरेनाशी झाली, हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलेलं आहे. गिऱ्हाइकांच्या शिव्याही खाल्ल्या असतील. बीटीचं विष अळीच्या आतड्यातल्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं आणि तिथून काम सुरू करतं. भारतातल्या कापसाच्या शेतांतून गोळा केलेल्या प्रतिकारक अळ्यांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या कॅडहेरिनच्या जनुकात वेगवेगळ्या ठिकाणी मोडतोड झालेली दिसली. कुठे मधलाच तुकडा गाळलेला, कुठे भलताच घुसलेला. बिघडलेल्या प्रथिनाला विष चिकटणार कसं? आता ही मोडतोड सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. अळीच्या जनुकाची अक्षरं वाचून, मरणाऱ्या अळीच्या अक्षरांशेजारी ठेवून, कुठे काय हललं ते पाहावं लागतं. हे शेजारी ठेवून पाहणं म्हणजे या शास्त्राचा पाया. आणि अळी प्रतिकारक झाली की नुसता फवारणीचा दोष, हा वाद अशा कामाने निकालात निघतो.

तुरीचंही तसंच. ‘आशा’ हा वाण तुम्हाला माहीत असेल, मर आणि वांझ रोगाला तोंड देणारा. तुरीच्या डीएनएचं पहिलं वाचन याच वाणाचं झालं. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या पुढाकाराने एका गटाने, आणि दिल्लीतल्या भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थेतून नागेंद्र कुमार सिंह यांच्या गटाने दुसरं, अशी दोन कामं २०११-१२ च्या सुमारास बाहेर आली. इक्रिसॅटच्या गटाने त्यात ४८,६८० जनुकं असावीत असा अंदाज दिला. ‘असावीत’ हा शब्द मुद्दाम वापरला. संगणकाने अक्षरांची ठेवण पाहून ती ओळखली आहेत, प्रत्येक जनुक प्रयोगशाळेत तपासलेलं नाही. या वाचनाचा उपयोग असा की मर रोगाला टिकणाऱ्या झाडांत डीएनएचा कोणता तुकडा कायम सोबत येतो ते एकदा सापडलं की, पैदासकाराला शेकडो रोपं मरग्रस्त जमिनीत लावून हंगामभर वाट पाहावी लागत नाही. रोपाच्या कोवळ्या पानाचा तुकडा तपासून तो निवड करू शकतो. यात बाहेरचं जनुक घालणं नसतं, ही जुनीच निवड पद्धत आहे, फक्त डोळे नवे. गिऱ्हाईक विचारेल म्हणून सांगितलं.

२०२१ चा फेब्रुवारीही आठवून पाहा. अमरावतीत रुग्ण एकदम वाढले आणि बाकी राज्य मोकळं असताना तिथे लॉकडाऊन लागलं. त्या काळातले विदर्भातले आणि महाराष्ट्रातल्या इतर जिल्ह्यांतले नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत गेले, तिथे विषाणूची अक्षरं वाचली गेली. विषाणूच्या पृष्ठभागावरचं जे काटेरी प्रथिन, त्यातल्या ४५२ व्या आणि ४८४ व्या जागेवर बदल दिसले. २४ मार्च २०२१ ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ते जाहीर केलं आणि वर्तमानपत्रांनी ‘डबल म्युटंट’ म्हणून मथळे दिले. सातबाऱ्यावर फेरफार चढत जातात आणि त्यांचे नंबर मागे मागे लावत गेलं की कुठली जमीन कुठल्या वाटणीतून फुटली ते कळतं. विषाणूचंही तसंच असतं. नकला होताना अधूनमधून एखादा फेरफार होतो आणि पुढच्या पिढ्यांत तो राहतो. हे फेरफार लावून पाहिले तेव्हा कळलं की त्या वंशाला फाटे फुटलेत. एका फाट्याला पुढे कप्पा नाव मिळालं, दुसऱ्याला डेल्टा. डेल्टात ४८४ चा तो बदल नव्हताच, आणि तरी जगभर हाहाकार माजवला तो त्यानेच. मथळ्यांचा ‘डबल’ तसा फसवाच निघाला. याच कामाची दुसरी बाजू: विषाणूची अक्षरं जानेवारी २०२० मध्ये चीनमधून इंटरनेटवर खुली झाली आणि १३ जानेवारीपर्यंत अमेरिकेतल्या मॉडर्नाने लसीचा आराखडा पक्का केला होता. विषाणू नाही, त्याची अक्षरं हाती होती. चाचण्यांना पुढे महिने लागले, लागायलाच हवे होते, पण सुरुवात तिथून झाली.

आता मेहुण्यांचं. संगणकच शिकायचा तर एमसीए का नाही? एक तर एमसीएला बऱ्याच ठिकाणी बारावीला किंवा पदवीला गणित असण्याची अट असते, ती आधी तपासा. पण खरं उत्तर वेगळं आहे. या कामात संगणक लागतो, पण चूक पकडायला जीवशास्त्र लागतं. दोन उदाहरणं देते.

माणसाची सुमारे २०,००० जनुकं प्रथिनं बनवतात. समजा कॅन्सरच्या गाठीत आणि निरोगी पेशीत यांतली कोणती कमी-जास्त काम करतात ते पाहायचं आहे. प्रत्येक जनुकासाठी एक चाचणी लावली आणि ‘योगायोगाने असं दिसण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी’ ही नेहमीची मोजपट्टी लावली, तर काहीही फरक नसताना सुद्धा सुमारे १,००० जनुकं ‘फरक आहे’ म्हणून वर येतील. २०,००० चे पाच टक्के. प्रोग्रॅम ती यादी रंगीत आलेखासकट काढून देतो, तक्रार करत नाही. यादीत त्या अवयवात एरवी कामच न करणारी जनुकं दिसली की जिला पेशी माहीत आहे तिच्या कपाळावर आठी पडते. ती मग अनेक चाचण्यांसाठीची दुरुस्ती लावली आहे का ते बघते, नमुन्यांची अदलाबदल झाली का ते बघते.

दुसरं उदाहरण ऐकून तुम्ही हसाल. माणसाच्या काही जनुकांची लघुनावं ‘सेप्ट-१’, ‘सेप्ट-२’, ‘मार्च-१’ अशी होती. ती एक्सेलमध्ये टाकली की एक्सेल त्यांना तारखा समजून बदलून टाकायचं, सप्टेंबरची एक तारीख, मार्चची एक तारीख. २०१६ मध्ये कोणीतरी छापलेल्या निबंधांच्या पुरवण्या तपासल्या, तर जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये दिलेल्या निबंधांपैकी साधारण पाचव्या हिश्श्यात ही गडबड निघाली. शेवटी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये ती नावंच बदलली. एवढ्या मोठ्या कंपनीचं सॉफ्टवेअर बदलण्यापेक्षा माणसाच्या जनुकांची नावं बदलणं सोपं गेलं! संगणकवाल्यांना मी कमी लेखत नाही. या क्षेत्रातली सर्वांत जास्त वापरली जाणारी अवजारं गणिती आणि संगणकवाल्यांनीच बनवली. पण तुमच्या मुलीकडे तीन वर्षांचं प्राणिशास्त्र-वनस्पतिशास्त्र आहे. ते टाकून शून्यापासून सुरुवात करण्यात काय अर्थ?

हे काल-परवाचं फॅड आहे का, असंही तुमच्या मनात असेल. तसं नाही. १९६५ मध्ये अमेरिकेत मार्गारेट डेहॉफ यांनी तोवर उलगडलेल्या ६५ प्रथिनांची माहिती एकत्र करून पुस्तक काढलं. प्रथिनं वीस प्रकारच्या घटकांची बनतात, त्यांना एकेका अक्षराने लिहायची आज जगभर चालणारी पद्धत त्यांचीच. संगणकाला भोकं पाडलेल्या पंचकार्डांवरून माहिती द्यायच्या जमान्यात तीन अक्षरांऐवजी एक लिहिलं की जागा वाचायची. आपल्याकडे केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने ऐंशीच्या दशकातच विद्यापीठांत माहिती केंद्रं काढायला घेतली, आणि १९८७ मध्ये पुणे विद्यापीठात बायोइन्फॉर्मेटिक्सचं केंद्र सुरू झालं. तिथले अशोक कोळस्कर आणि प्रसाद टोणगावकर यांनी १९९० मध्ये एक पद्धत मांडली. एखाद्या प्रथिनाच्या कोणत्या भागावर शरीराची प्रतिकारयंत्रणा बोट ठेवेल, हे नुसत्या अक्षरांवरून ओळखायचं. अचूकता सुमारे ७५ टक्के. आज त्याहून सरस पद्धती आहेत, तरी लशीवर काम करणाऱ्यांच्या निबंधांत कोळस्कर-टोणगावकर पद्धत अजून भेटते. महाराष्ट्रातल्या विद्यापीठातून निघालेलं, जगाने वापरलेलं हे काम आपल्या पाठ्यपुस्तकांत मात्र मला कधी दिसलं नाही.

आणि एआय? मेहुण्यांनी तो प्रश्न विचारला नसला तर विचारतील. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल अर्धं डेव्हिड बेकर यांना नवी प्रथिनं रचण्यासाठी, आणि अर्धं डेमिस हासाबिस व जॉन जम्पर यांना प्रथिनांचे आकार एआयने ओळखण्यासाठी मिळालं. त्यांच्या अल्फाफोल्ड या प्रणालीने २० कोटींहून जास्त प्रथिनांच्या आकारांचे अंदाज खुले केले आहेत. पण ती शिकली कशावर? १९७१ मध्ये अवघ्या सात आकारांनिशी सुरू झालेला प्रथिनांच्या रचनांचा एक खुला साठा आहे. प्रयोगशाळांतल्या माणसांनी पन्नास वर्षं एकेक आकार शोधून त्यात भर घातली, तेव्हा यंत्राला शिकायला काही होतं. एआयमुळे या क्षेत्रातलं साचेबंद काम जाईल. दिलेली फाइल दिलेल्या प्रोग्रॅममधून काढायची, एवढंच ज्याला येतं त्याचं कठीण आहे. आणि तो सहा महिन्यांचा कोर्स नेमकं तेवढंच शिकवतो.

नोकऱ्यांचं साखर न लावता सांगते. नुसत्या एम.एस्सी.वर पुणे, हैदराबाद, बेंगळुरू इथे जनुक तपासणीच्या प्रयोगशाळा, बियाणे कंपन्या, औषध कंपन्या आणि त्यांच्यासाठी माहिती हाताळणाऱ्या आयटी कंपन्या यांत काम मिळतं. सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरवाल्यांपेक्षा बहुतेक कमीच असतो. सरकारी संस्थांत प्रकल्पांवरच्या जागा निघतात, पण प्रकल्प संपला की जागा संपली. गावाजवळ, म्हणजे यवतमाळला राहून करण्यासारखं फार काही नाही. स्वतःचा प्रश्न घेऊन काम करायचं तर पीएच.डी. लागतेच, मुलगी बरोबर सांगते. मात्र पीएच.डी. म्हणजे बापाच्या खिशातून फी, असं समजू नका. सीएसआयआर-यूजीसी नेट किंवा जैवतंत्रज्ञान विभागाची जेआरएफ परीक्षा निघाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते, घरभाडे भत्ता वेगळा. हे २०२३ पासूनचे दर आहेत. म्हणजे पैशाची खरी कळ एम.एस्सी.ची दोन वर्षं. बी.एड. वाईट नाही, पण ते केलं की नोकरी ठेवलेलीच आहे असं नाही. शिक्षक भरतीची टीएआयटी परीक्षा द्या, मग पवित्र पोर्टलवर वाट पाहा, हे तुमच्या आसपासची पोरं करतच आहेत. एम.एस्सी.नंतरही बी.एड. करता येतं. उलट दिशेने येणं अवघड जातं.

इथून पुढचं मुलीला वाचायला द्या.

बाळ, एम.एस्सी.चा अर्ज भरण्याआधी तुला हे काम आवडतं की नुसतं नाव आवडलंय, ते स्वतःच तपासून घे. एक रुपया लागणार नाही. मोबाइलवर नको, कॉलेजच्या संगणकावर कर. विदर्भातली आहेस म्हणून सिकलसेल घेते, तुमच्या कॉलेजात त्याची तपासणी शिबिरंही झाली असतील. युनिप्रॉट नावाचा प्रथिनांचा खुला साठा आहे. तिथे पी६८८७१ हा क्रमांक टाक. हिमोग्लोबिनची बीटा साखळी उघडेल, १४७ घटकांची. सुरुवात वाच: एम, व्ही, एच, एल, टी, पी, ई, ई, के, एस. सिकलसेलमध्ये यातल्या पहिल्या ‘ई’च्या जागी ‘व्ही’ येतो. डीएनएत पाहिलंस तर जी-ए-जी चं जी-टी-जी झालेलं असतं. एक अक्षर. तेवढ्याने लाल पेशी कोयत्यासारखी वाकते.

आता मोज. तो ‘ई’ सातवा येतो. तुझ्या पुस्तकात मात्र ‘सहाव्या जागेवर’ लिहिलेलं असेल. दोन्ही बरोबर आहे. प्रथिन तयार झाल्यावर पहिला ‘एम’ छाटला जातो, पुस्तक त्यानंतरचे मोजतं, साठा त्याच्यासकट मोजतो. हे तुला संगणकाने सांगितलं नाही. ही एका आकड्याची तफावत का आली, याचा विचार करताना तुला मजा वाटली की वैताग आला, ते प्रामाणिकपणे बघ. या क्षेत्रातला अर्धा वेळ असल्या तफावती सोडवण्यात जातो.

मग तोच क्रम घेऊन अमेरिकेच्या एनसीबीआयच्या वेबसाइटवर ब्लास्टमध्ये टाक. ब्लास्ट हे १९९० पासूनचं शोधयंत्र आहे, तुझ्या क्रमासारखे क्रम सगळ्या साठ्यात शोधून देणारं. जीव निवडायच्या चौकटीत माणसाला वगळ. चिंपांझीचं प्रथिन माणसाशी शंभर टक्के जुळेल. गोरिलाचं एका जागी वेगळं निघेल. खाली घोडा, कोंबडी, मासा असं जात जा आणि फरक वाढत जाताना बघ. कोणत्या जागा माशापासून माणसापर्यंत बदललेल्याच नाहीत? त्या का बदलल्या नसाव्यात? शेजारी ‘ई-व्हॅल्यू’ नावाचा आकडा दिसेल. इतकं साम्य निव्वळ योगायोगाने किती वेळा हाती लागलं असतं, ते तो सांगतो. शून्याच्या जितका जवळ तितकं नातं पक्कं.

हे करताना संध्याकाळ कशी गेली कळलं नाही, असं झालं तर पुढे जा. मग पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शीक, रोज तासभर. रोझालिंड नावाच्या वेबसाइटवर जीवशास्त्राचीच छोटी छोटी कोडी आहेत, प्रोग्रॅम लिहून सोडवायची. पहिलं कोडं डीएनएतली चार अक्षरं मोजायचं आहे. लिनक्स या संगणक प्रणालीच्या आज्ञा शीक. गणिताची धास्ती घेऊ नकोस, पण संख्याशास्त्र टाळता येणार नाही. सरासरी, प्रमाण विचलन, संभाव्यता यांपासून धर. स्वयम पोर्टलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे बायोइन्फॉर्मेटिक्सचे आणि संख्याशास्त्राचे अभ्यासक्रम फुकट ऐकता येतात, परीक्षा द्यायची असेल तरच शुल्क. मोठं काम करायला गॅलेक्सी नावाची खुली सेवा आहे, तिथे त्यांचे संगणक राबतात, तुझा नाही. म्हणून बाबांना महागडा लॅपटॉप मागू नकोस. आठ जीबी मेमरीचा जुना चालेल.

प्रवेशासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची एम.एस्सी. बायोइन्फॉर्मेटिक्स पाहा, केंद्र जुनं आहे आणि शेजारी एनसीसीएस, एनसीएल, आयसर, सी-डॅक अशा संशोधन संस्था असल्याने प्रकल्पाला दार ठोठावायला जागा आहेत. सीयूईटी-पीजी आणि जीएटी-बी या परीक्षांमधून बाहेरच्या राज्यांतही वाट आहे, नंतरची परीक्षा मुख्यतः जैवतंत्रज्ञान आणि त्याला लागून असलेल्या अभ्यासक्रमांसाठी. तारखा आणि अटी त्या त्या वर्षाच्या माहितीपत्रकातच वाच, कुणाच्या व्हॉट्सॲपवर विसंबू नकोस. एखादी जागा बायोइन्फॉर्मेटिक्सची नाही पण जैवतंत्रज्ञानाची मिळाली आणि कॉलेज चांगलं असेल, तर मी तीच घ्यायला सांगेन. प्रयोगशाळेत हात चालवलेला माणूस पुढे आकडेमोडीकडे वळला तर त्याचं वजन असतं. प्रयोगात नमुना कसा खराब होतो हे त्याने पाहिलेलं असतं.

एक मात्र विचारून ठेव: तिथे शेवटच्या सत्राचा प्रकल्प खऱ्या, कच्च्या माहितीवर करायला मिळतो का, आणि आधीच्या दोन वर्षांची मुलं आज कुठे आहेत. माजी विद्यार्थ्यांना सरळ विचार. ते खरं सांगतात.

भाऊ, आता तुमचा शेवटचा प्रश्न, थांबणं जमेल का. पत्रात तुम्ही ‘लग्न’ हा शब्द लिहिला नाहीत, पण मला तो वाचता आला. एम.एस्सी. दोन वर्षं, पीएच.डी. पाच-सहा. आज एकदम आठ वर्षांचा निर्णय करायला तुम्हाला कोणी सांगत नाहीये. दोन वर्षांचा करा. एम.एस्सी. झाल्यावर तिच्या हातात पदवी असेल, शिष्यवृत्तीची परीक्षा निघाली की नाही ते समजलेलं असेल, आणि पुढचं ती स्वतः ठरवण्याच्या वयाची असेल. काम देशात वाढतं आहे. जीनोम इंडिया प्रकल्पात वेगवेगळ्या समुदायांतल्या १०,००० भारतीयांचं डीएनए वाचन झालं, आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती फरीदाबादच्या जैविक माहिती केंद्रातून संशोधकांना खुली झाली. आजवर जगातली बहुतेक अशी माहिती युरोपीय वंशाच्या लोकांची होती, त्यामुळे आपल्या रोगांबद्दलचे बरेच प्रश्न विचारलेच गेले नव्हते. ते विचारायला माणसं लागणार.

त्या संस्थेचा नंबर ब्लॉक करा. आणि मुलीने सिकलसेलचं ते करून पाहिलं की तिला काय वाटलं, ते तिनेच मला लिहू द्या. ब्लास्टमध्ये अडली तर कुठे अडली तेही.